मोहिरे पंचांच्या जंतूची वंशावळ

षटकार होता, यात वादच नव्हता. चेंडू मैदान ओलांडून, पलीकडचा रस्ता ओलांडून दूध डेअरीच्या पत्र्यावर आपटला आणि तिथून घरंगळत डेअरीच्या चेअरमनच्या मोटारीवर पडला. गोलंदाजाने स्वतःच कपाळाला हात लावला. पंच सुहास मोहिरे याच्या कानात बसवलेल्या यंत्राने, बँकेतून फोन करणाऱ्या बाईच्या थंड आवाजात, 'षटकार' असं सांगितलं. आता सुहासने दोन्ही हात डोक्यावर न्यायचे, एवढंच शिल्लक होतं.

हात खांद्याच्या रेषेपर्यंत आले आणि तिथेच राहिले.

सुहासने जोर लावला. हात ऐकेनात. क्रिकेटमध्ये पंचाचे दोन्ही हात डोक्यावर गेले तर षटकार, आणि खांद्याच्या रेषेत आडवे पसरले तर वाइड. सकाळी साडेआठ वाजता, कुपवाडच्या मैदानावर, चारशे लोकांसमोर सुहास मोहिरेने डेअरीवर गेलेला चेंडू वाइड दिला.

२०४१ साली जिल्ह्यातल्या टेनिसबॉल क्रिकेटमध्ये पंचाने निर्णय द्यायचा नसे. ते काम चार कॅमेरे आणि एक पेटी करत असे. मधे एक हंगाम संघटनेने पंच काढूनच टाकले होते. पण निर्णय पटला नाही तर शिव्या कुणाला द्यायच्या, हे खेळाडूंना कळेना. त्यांनी पेटीला देऊन पाहिल्या. पेटी निमूटपणे ऐकून घेई, त्यात मजा येईना. शेवटी पंचांना परत बोलावलं. पेटीने कानात सांगायचं, पंचाने हात करायचे आणि शिव्या खायच्या, अशी वाटणी झाली. त्यातलं हात करण्याचं काम आज सुहासला जमलं नव्हतं. दुसरं आपोआप सुरू झालं.

सीमारेषेबाहेर तंबूखाली जयवंत लाड बसला होता. गेली एकतीस वर्षं सुहास पंच असला की स्कोअरर जयवंतच. फलकावर पेटीने सहा धावा लावल्या होत्या; पण नियमपुस्तकात अजून स्कोअरची वही होती आणि वहीचा धर्म एकच, पंचाचा हात सांगेल ते लिहायचं. जयवंत उठून उभा राहिला, खूण पोचली हे सांगायला त्याने नेहमीप्रमाणे एक हात वर केला आणि वहीत वाइड लिहिला.

त्यामुळे तो सामना फलकावर एका संघाने जिंकला आणि वहीत दुसऱ्याने. दोन तास वादावादी होऊन चषक एकाला आणि चषकाचं झाकण दुसऱ्याला, असा तोडगा निघाला. सामना संपल्यावर सुहासने वहीच्या पानाखाली पंच म्हणून सही केली. सही करताना काही दुखलं नाही. कोपराच्या खाली सगळं ठीक होतं.

"हे कधीपासून?" मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर अमरीन बागवानने विचारलं. ती तिशीची होती आणि रोग्यांना काका-मावशी म्हणत वाईट बातम्या सांगायची.

"महिना झाला. सकाळी जास्त. शर्ट चढवता येत नाही, भांग हीच पाडते." सुहासने मानेने बायकोकडे दाखवलं. "कुशीवर वळायचं तर हिला उठवावं लागतं. दुपारी दोननंतर जरा माणसात येतो."

"दोननंतरही मी तसं म्हणणार नाही," रूपाली म्हणाली.

"चार वर्षांपूर्वी साथीत न्यूमोनिया झाला होता ना, काका? मोठा?"

"एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात. हिने माझा फोटो मोठा करून आणला होता."

"तो पासपोर्टसाठी होता," रूपाली म्हणाली.

डॉक्टरने रोगाचं नाव सांगितलं. पॉलिमायाल्जिया रूमॅटिका. नाव मोठं, अर्थ लहान: पुष्कळ ठिकाणी दुखतं. पन्नाशीनंतर होतो, खांदे आणि मांड्या धरतो. स्नायू दुखतात असं वाटतं, पण स्नायू बिचारे निरपराध असतात. सूज असते ती सांध्यांभोवतीच्या पिशव्यांना आणि आवरणांना. एखादा मोठा संसर्ग होऊन गेलेल्या माणसांना पुढच्या काही वर्षांत हे दुखणं जास्त गाठतं की काय, अशी शंका डॉक्टरांना पूर्वीपासून होती. शंका होती, पण मधला दुवा कुणाला सापडत नव्हता.

"तो आता सापडलाय," अमरीन म्हणाली. "असं समजा, निवडणुकीला शाळेत बंदोबस्ताचे पोलीस येऊन उतरतात. निवडणूक संपली की परत जातात. पण मोठी दंगल झालेली असली तर त्यातले थोडे राहतात. पुन्हा काही झालं तर असावेत म्हणून. तुमच्या शरीराने न्यूमोनियाशी लढायला ज्या पेशी तयार केल्या, त्यांतल्या काही खांद्यात मुक्कामाला राहिल्या. त्यांना त्या जंतूचा चेहरा पाठ आहे. जंतू काही परत येत नाही. मग तीन-चार वर्षं बसून बसून कंटाळतात, आणि खांद्याच्या आवरणातलं कुणी जरा तसं दिसलं की त्यालाच धरून मारतात."

"म्हणजे ज्यांनी वाचवलं त्यांनीच."

"हो. आणि त्यांना वाटतंय, आपण अजून तुम्हाला वाचवतोच आहोत."

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत चमत्कार झाला. सुहासने अंगणात उभं राहून सकाळी सात वाजता ओळीने अकरा षटकार दिले. पण गोळ्यांनी साखर चारशेवर नेली, म्हणून डॉक्टर मात्रा कमी करू लागली, आणि मात्रेबरोबर हातही उतरू लागले. पंधरा मिलिग्रॅमला षटकार, दहाला चौकार, साडेसातला जेमतेम फलंदाज बाद. पाचवर आल्यावर गुडघा उचलून थोपटायचा लेग बाय तेवढा उरला, आणि तोही मांडीने नाकारला. संघटनेचं पत्र आलं. हात वर न होणारा पंच ठेवता येत नाही. गुढीपाडव्याच्या स्पर्धेआधी हात दाखवावेत. हात करणं एवढंच ज्याच्याकडे उरलं आहे, त्याचं तेही जाणार होतं.

"एक नवा उपचार आहे," अमरीन म्हणाली. "लोक त्याला विसरवणी म्हणतात. त्या पेशींना तो एक चेहरा विसरायला लावायचा. बाकी सगळी ओळख शाबूत, फक्त तो जंतू जातो डोक्यातून."

"पेशींच्या डोक्यातून."

"पेशींच्या. पण त्यासाठी नेमका तोच चेहरा लागतो. साथ तर लाखो लोकांत होती, आणि एका माणसातून दुसऱ्यात जाताना जंतूचं एखादं अक्षर बदलतं. त्यामुळे तुम्हाला ज्यांच्याकडून आला, त्या माणसाचं रक्त लागेल. त्यांच्या पेशींत तो चेहरा अजून ठळक असला पाहिजे."

माणूस शोधायची सोय होती. त्या बदललेल्या अक्षरांचा माग काढत एक यंत्र जंतूची वंशावळ मांडत असे: अमक्याकडून तमक्याला, अमुक तारखेच्या सुमाराला. साथीनंतर महापालिकेने घरोघर रक्ताचे नमुने घेतले होते आणि नाव उघड करायला संमती देणाऱ्याला प्लास्टिकची बादली फुकट दिली होती. झाकणासकट. सांगलीत त्या वर्षी संमती न देणारा माणूस औषधालाही सापडला नसता.

अहवाल आणायला सुहासला जयवंतनेच स्कूटरवरून नेलं. अडीअडचणीला जयवंत असे. त्या एकोणीस दिवसांत तो इंदूरहून, मुलीकडून, धावत आला होता आणि रोज चहाचा थर्मास घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसायचा. आजही तो बाहेर बाकावर बसला आणि सुहास आत गेला.

अमरीनने पडद्याकडे पाहिलं. "तुम्हाला मावशींकडून आला, काका."

"घरातलीच असणार. ठीक आहे. घ्या तिचं रक्त."

"उपयोग नाही. मावशींना नुसती सर्दी झालेली दिसते. त्यांच्या पेशींनी ओळखच ठेवली नाही. पण मावशींना ज्यांच्याकडून आला, त्यांना चांगला पाच दिवस ताप होता. त्यांचं चालेल, चेहरा तोच आहे. जयवंत लाड."

"मधे कुणीतरी असेल."

"मधे कुणी नाही. थेट. तीन फेब्रुवारी, एखादा दिवस मागेपुढे. बराच वेळ जवळ असणार, बंद जागेत." मग तिने सुहासच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पडदा उगाचच थोडा तिरपा केला.

परत येताना सुहास स्कूटरवर मागे बसला. हात खांद्यावर ठेवता येत नव्हते, म्हणून त्याने जयवंतच्या कमरेला धरलं. मिरज ते सांगली तो त्या माणसाला मिठी मारून बसला होता. जयवंत पुढून रनरेटबद्दल काहीतरी सांगत होता. विश्रामबागेजवळ दीपक आवटेचं घर आलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे दोघांनी तोंडं विरुद्ध दिशेला फिरवली. जयवंत चालवत असल्यामुळे स्कूटर जरा रिक्षावर गेली.

आवटेही पंच होता. चार वर्षांपूर्वी, सुहास आजारी पडला त्या सुमाराला, संघटनेकडे सुहासविरुद्ध एक निनावी तक्रार पोचली होती. त्या पत्रामुळे आधी सुहासच्या सामन्यांना पेटी आली, आणि मग पेटी बरी वाटल्याने जिल्ह्यातल्या सगळ्याच पंचांचे निर्णय गेले. बरा झाल्यावर सुहासने ठरवलं की तक्रार करणारा शोधायचा. त्यासाठी दर रविवारी बैठक होई. बैठकीला दोनच माणसं, सुहास आणि जयवंत. संशयितांची यादी जयवंतने सुवाच्य अक्षरात केली होती. पहिलं नाव आवटेचं. आवटेच्या मुलाच्या लग्नाला दोघे गेले नव्हते, एवढंच नाही तर न गेल्याचं कळावं म्हणून कार्यालयासमोरच्या हॉटेलात जेवले होते.

घरी रूपाली भेंडी चिरत होती.

"चार वर्षांपूर्वी तीन फेब्रुवारीला तू कुठे होतीस?" सुहासने विचारलं.

"काल कुठे होते विचारा. चार वर्षांपूर्वीचं कोण सांगणार?"

"मी सांगतो. विट्याला, बहिणीकडे. असं सांगून गेली होतीस. आणि जयवंत इंदूरला होता. आता विट्यात शिंक दिली तर ती इंदूरला पोचत नाही, आणि उलटही नाही." त्याने अहवाल ओट्यावर ठेवला. "मला कारणं नकोत. किती दिवस चाललंय, तेवढं सांग."

रूपालीने अहवाल वाचला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. सुरी बाजूला ठेवून, ओट्याला टेकून हसली.

"जयवंत भाऊजी? अहो, जाता-येता चार तास गाडीत बसले त्यांच्याबरोबर, काचा लावून. चार तास ते मला पावसाने अडलेल्या सामन्याचं लक्ष्य कसं काढतात ते समजावत होते. खोकत होते आणि समजावत होते."

सुहासला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याने पाटावरची एक कच्ची भेंडी उचलून तोंडात टाकली. ती चावून होईपर्यंत त्याला पुढचा प्रश्न सुचला.

"मग गाडीतून कुठे गेला होतात?"

रूपालीचं हसू गेलं. तिने हात पुसले, पदराला पुसले, मग पुन्हा फडक्याला पुसले.

"कराडला," ती म्हणाली. "संघटनेच्या ऑफिसात. भाऊजी इंदूरला निघाले ते दुसऱ्या दिवशी."

सुहास उभाच होता. खाली बसावं असं त्याला वाटलं, पण एकदा बसलं की उठता येत नाही हे लक्षात येऊन तो उभाच राहिला.

"ते पत्र," तो म्हणाला.

"तुम्हाला दिसत नव्हतं हो. चहात मीठ घालून 'आज चांगला झालाय' म्हणायचात. डोळे दाखवा म्हटलं की म्हणायचात, सत्तावीस वर्षं या डोळ्यांनी निर्णय दिलेत. विट्याच्या सामन्यात तुमच्या डोक्यावर बाटली बसली, आठवतंय? तुम्ही घरी येऊन सांगितलंत, फांदी पडली. मैदानात झाड नाही तिथे. मोतीबिंदू काढला तो नंतर, दवाखान्यात पडलात तेव्हा डॉक्टरांनी धरून काढला म्हणून. मी भाऊजींना म्हटलं, एक दिवस लोक यांना मारून टाकतील. काहीतरी करा."

"आणि त्याने निनावी पत्र केलं."

"नाव घातलं असतं तर तुम्ही त्यांच्याशी बोलला नसतात."

सुहासला त्या क्षणी मनापासून वाटलं की लफडं असतं तर बरं झालं असतं. लफड्याला रीत असते. माणूस ओरडतो, दार आपटतो, चार जवळची माणसं येऊन समजूत घालतात. गल्लीत त्या विषयातले अनुभवी लोकही होते. पण बायको आणि मित्र मिळून गाडी करून कराडला गेले आणि 'याला दिसत नाही' असं सांगून आले, यावर समजूत घालायला कोण येणार? वर ते खरं होतं.

"नुसत्या पत्रावर संघटनेने ऐकलं?"

"वह्या दाखवल्या भाऊजींनी. आमचं नाव बाहेर येऊ देऊ नका, असं सचिवांना सांगून."

पंचाकडे प्रत्येक सामन्याच्या वहीची एक प्रत असते. सुहासने रूपालीला कपाटाच्या वरच्या फळीवरचा गठ्ठा काढायला लावला. बाटली पडण्याआधीच्या दोन वर्षांचा. पानं उलटताना त्याला पहिल्यांदाच दिसलं: समासात, अगदी कडेला, पेन्सिलीचे ठिपके. कुठे एक, कुठे तीन. चेंडूच्या चौकटीत पंचाने दिलेला निर्णय जसाच्या तसा, पक्क्या शाईत. आणि त्याच ओळीत समासात ठिपका. निर्णय चुकला की ठिपका. जयवंतने कधी एक अक्षर बदललं नव्हतं. पंचाचा हात सांगेल ते लिहिलं होतं, आणि शेजारी स्वतःला दिसलं तेही ठेवलं होतं. प्रत्येक पानाखाली पंच म्हणून सुहासची सही होती. दोन वर्षं तो आपल्याविरुद्धच्या पुराव्यावर दर रविवारी सही करत आला होता, आणि सही झाल्यावर दोघे भजी खायला जात होते.

दुसऱ्या दिवशी त्याने आवटेला फोन केला. चार वर्षांनी.

"दीपक, ती तक्रार तू केली नव्हतीस."

"मला माहीत आहे," आवटे म्हणाला.

"मी गावभर तुझं नाव घेतलं. माफ कर."

"पहिली मी केली नव्हती," आवटे म्हणाला. "तू गावभर नाव घ्यायला लागल्यावर मी दुसरी केली. म्हटलं, नाव झालंच आहे."

जयवंतचं घर दोन गल्ल्या पलीकडे. सुहास चालत गेला, मागोमाग चार पावलांवर रूपाली. ते दोन दिवस ती अशीच चार पावलांवर होती. सकाळी मात्र जवळ येऊन, काही न बोलता त्याचा भांग पाडायची, आणि तोही काही न बोलता डोकं पुढे करायचा.

रूपालीने आधी फोन केला असणार. जयवंत टेबलाशी शर्टाची बाही दंडापर्यंत वर करून बसला होता.

"घे," तो म्हणाला. "पाहिजे तेवढं रक्त घे."

"मी डास आहे का? बाही खाली कर. कागद काढ."

जयवंतने कागद काढला.

"ते पत्र लिही. शब्द न् शब्द तेच."

"सुहास, चार वर्षं झाली. मला कसं आठवेल?"

"तुला २०१३ च्या आष्टा स्पर्धेतल्या उपांत्य सामन्याचं सातवं षटक आठवतं. लिही."

जयवंत लिहू लागला. आठवायला तो एकदाही थांबला नाही. अक्षर नेहमीसारखं, मोत्यासारखं. लिहून झाल्यावर सुहासने कागद हातात घेतला आणि उभ्याउभ्या मोठ्याने वाचला.

"'मा. सचिव यांस. महोदय, पंच श्री. सुहास मोहिरे हे अत्यंत प्रामाणिक असून त्यांना दिसत नाही. दिसत नाही हे ते मान्य करणार नाहीत, कारण तेही त्यांना दिसलेले नाही. सोबत वह्यांच्या प्रती जोडल्या आहेत. यातील एकही निर्णय त्यांनी कुणाची बाजू घेऊन दिलेला नाही, याची नोंद घ्यावी. परंतु एके दिवशी लोक त्यांना मारतील. तरी निर्णय देण्याचे काम त्यांच्याकडून काढून घ्यावे, आणि शक्य झाल्यास त्यांना मैदानावर उभे राहू द्यावे, कारण त्याशिवाय ते राहू शकणार नाहीत. आपला, एक क्रिकेटप्रेमी.'"

सुहासने शेवटची ओळ मनात पुन्हा वाचली.

"चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला.

"सुहास, तोंडावर सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं."

"मग?"

"मग नसतं ऐकलं. भांडलो असतो. तुला दारातून हाकललं असतं, वर्षभर बोललो नसतो. ते भांडण माझं होतं, जयवंता. ते मला द्यायचं होतंस. त्याऐवजी तू कराडला देऊन आलास. आणि चार वर्षं दर रविवारी माझ्याबरोबर बसून चोर शोधलास. चहा पीत."

"यादी करायला तूच सांगितलंस."

"तुझं नाव नव्हतं त्यात."

"ते तू घाल म्हणाला नाहीस," जयवंत म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यालाच ते ऐकवेना. त्याने टेबलाकडे पाहिलं. "घालायचं होतं मला. दोन-तीनदा. आवट्याच्या मुलाच्या लग्नाच्या दिवशी तर अगदी तोंडावर आलं होतं. पण तू जेवत होतास."

"हे क्रिकेटप्रेमी खोड. नाव लिही."

जयवंतने पेन उचललं. एकतीस वर्षं वह्या भरलेला तो हात क्षणभर हवेत तसाच राहिला. मग त्याने 'एक क्रिकेटप्रेमी' वर एक सरळ रेघ मारली आणि खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. रूपाली पुढे आली. कुणी सांगितलं नव्हतं. तिने जयवंतच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

"मजकूर त्यांचा," ती म्हणाली. "मारतील ते वाक्य माझं."

सुहासने कागदाची घडी घातली. खिसा वर छातीशी होता. तिथपर्यंत हात जाईना. जयवंत मदतीला उठला, रूपालीनेही हात पुढे केला. सुहासने दोघांकडे पाहिलं आणि घडी मुठीतच ठेवली.

"गुरुवारी, दहा वाजता, दवाखाना," तो म्हणाला. "उपाशीपोटी ये."

गुरुवारी तिघे दवाखान्याच्या बाकावर बसले. मधे सुहास.

"साखर सांभाळून गोळ्यांवरही जमवता आलं असतं, काका," अमरीन येऊन म्हणाली. "वर्ष-दीड वर्ष लागलं असतं. विसरवणीने महिन्यात हात वर होतील. पण एक सांगते, तो जंतू पुन्हा आला तर शरीराला तो नवाच वाटेल. पहिल्यासारखं सगळं पुन्हा. तेव्हा ज्यांच्याकडून आला त्यांच्यापासून जरा जपून राहा."

"तसा विचार आहे. बाकीचं सगळं आठवत राहील ना मला?"

"हो."

"सगळं?"

"त्याला अजून उपचार नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

जयवंतने घसा साफ केला. "पाडव्याच्या स्पर्धेचा कार्यक्रम आलाय. पहिला सामना आपल्याला दिलाय."

"मला दिलाय. मी दुसरा स्कोअरर मागितलाय."

जयवंत बराच वेळ समोरच्या भिंतीवरचा मधुमेहाचा तक्ता वाचत राहिला.

"बरा आहे का तो?"

"अक्षर वाईट आहे."

"मग समासात..."

"समासात काही करू नको म्हणून सांगितलंय मी त्याला. काही दिसलं तर उठून मैदानात ये, असं सांगितलंय. ओव्हर चालू असली तरी."

जयवंतने मान हलवली. सूचना त्याला पटली असावी. स्कोअरर म्हणून तरी.

काउंटरवरच्या मुलीने नाव पुकारलं. तिच्यासमोर यंत्र होतं आणि यंत्राला फॉर्म पूर्ण भरून हवा होता.

"मोहिरे सुहास. रक्त देणारे कोण?"

"मी," जयवंत उठला. "जयवंत लाड."

"पेशंटशी नातं?"

"मि..." जयवंतने सुरुवात केली.

"तक्रारदार," सुहास म्हणाला.

मुलीने पडद्यावर बोट फिरवलं. "भाऊ आहे, मित्र आहे, सहकारी आहे, शेजारी आहे. तक्रारदार नाही यात."

"इतर असेल. त्यात लिहा."

तिने लिहिलं. जयवंतने सही करायच्या चौकटीत सही केली, स्वच्छ, ठसठशीत, आणि आतल्या खोलीकडे गेला. जाताना त्याने बाही वर करायला सुरुवात केली होती.

"आणि नंतर घरी घेऊन जायला कोण आहे? दोन दिवस जवळ कुणीतरी लागेल. उठवायला, कपडे घालायला."

"मी आहे," रूपाली म्हणाली.

"यांचं नातं?"

सुहासने रूपालीकडे पाहिलं. तिने सकाळी पाडलेला त्याचा भांग अजून जागेवर होता, आणि तिचा स्वतःचा, त्या घाईत, वाकडा राहिला होता. ती खाली न बघता उभी होती. मुलीचं बोट पडद्यावर थांबलं होतं.

"पत्नी," सुहास म्हणाला. मुलीने पुढच्या रकान्यावर बोट नेलं, तसं त्याने तिला थांबवलं. "थांबा. इतरचाही रकाना आहे ना? दोन्ही लिहा."